मागण्याचं स्वातंत्र्य, देण्याचं स्वातंत्र्य

धर्म आणि लोकशाही एकत्र नांदत नाहीत, असं आपल्याला वरचेवर ऐकवलं जातं. अशा वेळी मला पोलंड आठवतो. तिथल्या कम्युनिस्ट राजवटीने वर्तमानपत्रं, कामगार संघटना, निवडणुका सगळं मुठीत ठेवलं होतं. मुठीबाहेर राहिलं ते कॅथलिक चर्च. १९७८ मध्ये क्राकोचे कार्डिनल वोयतिला पोप झाले. पुढच्या वर्षी ते मायदेशी आले, तेव्हा लाखोंच्या गर्दीला आपली ताकद कळली. १९८० मध्ये ग्दान्स्कच्या गोदी कामगारांनी संप केला आणि ‘सॉलिडॅरिटी’ उभी राहिली. तिची बाजू घेणारे फादर पोपिएलुश्को यांना १९८४ मध्ये गुप्त पोलिसांनी ठार मारलं. १९८९ मध्ये मतपेटीतून सत्ता बदलली.

पण १९९३ मध्ये चर्चच्याच आग्रहातून गर्भपातावर कडक कायदा आला. चर्च न मानणाऱ्या बाईलाही तो लागू झाला.

सत्तेकडे स्वातंत्र्य मागताना धर्म लोकशाहीचा सोबती असतो. त्याची परीक्षा होते ती त्याच्या हाती ताकद आल्यावर. आपण संविधानाकडे श्रद्धेचं स्वातंत्र्य मागतो, तो आपला हक्कच आहे. पण आपल्या मोहल्ल्यात, आपल्या घरात वेगळा विचार करणाऱ्या मुलीला तेच स्वातंत्र्य आपण देतो का?