पावतीपुस्तक एकाकडे, तपासणी दुसऱ्याकडे

बी.कॉम.ला असताना हिशेबतपासणीचा एक नियम आम्ही पाठ केला होता. जो पैसे घेतो, त्याने स्वतःचा हिशेब स्वतः तपासू नये. कारकुनीत वीस वर्षे आम्ही हा नियम पाळत आलो. राज्यकारभारालाही हाच नियम लागू पडतो, हे मात्र वस्तीतल्या एका पोराने आम्हांला शिकविले.

गेल्या वर्षी जयंतीच्या तोंडावर त्याला शांतता राखण्याच्या हमीची नोटीस आली. आपल्याकडे याला चॅप्टर केस म्हणतात. गुन्हा काही नव्हता, गडबड होण्याची शक्यता तेवढी लिहिली होती. आम्ही त्याच्यासोबत तहसील कचेरीत गेलो. ज्यांच्या सहीच्या उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आम्ही रांगेत उभे राहतो, तेच साहेब कार्यकारी दंडाधिकारी म्हणून बसले होते. पोरगा हळूच म्हणाला, "काका, हे तर सरकारचे अधिकारी. मग न्यायाधीश कोण?"

आम्ही म्हणालो, "गप्प बस आणि बाँड लिहून दे."

रात्री आम्हांला झोप लागेना. हा प्रश्न तर बाबासाहेबांचाच! इंग्रजी अमदानीत कलेक्टर हाच वसुली करी आणि दंडाधिकारीही तोच असे. २४ नोव्हेंबर १९४८ रोजी बाबासाहेबांनी घटना परिषदेत नवे कलम मांडले, की न्यायदान हे कारभारापासून वेगळे करावे. त्यात आधी तीन वर्षांची मुदत होती, ती दुसऱ्या दिवशी वगळली गेली. तेच आजचे कलम ५०. ते मार्गदर्शक तत्त्वांत असल्यामुळे त्याच्या अंमलासाठी कोर्टात दाद मागता येत नाही.

तरी काम पुढे सरकले. मुंबई राज्याने १९५१ साली त्यासाठी कायदा केला. १ एप्रिल १९७४ पासून देशभर न्यायदंडाधिकारी उच्च न्यायालयाच्या देखरेखीखाली आले. शांततेच्या हमीचे काम मात्र कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडेच राहिले. १ जुलै २०२४ पासून नवी संहिता लागू झाली, तिच्यातही ते तसेच आहे.

म्हणून बंधुभगिनींनो, अशी नोटीस आली तर घाबरून सही करू नका. कारण काय दिले आहे ते नीट वाचा, वकिलाला दाखवा, लेखी उत्तर द्या. हमीचा आदेश झालाच, तर सत्र न्यायालयात अपील करता येते. ती वाट आम्ही त्या पोराला दाखविली नाही, याची खंत आजही आहे.

पुढच्या रविवारी विहारात आम्ही हे सारे सांगितले. तोच पोरगा उभा राहिला. "काका, मग आपल्या मंडळाचे पावतीपुस्तक तुमच्याकडे आणि हिशेबतपासणीही तुमचीच, हे कसे?"

सभा हसली. आमचा चेहरा उतरला. सहा वर्षांत एक पैसा आम्ही खाल्ला नव्हता, पण ते सिद्ध करणारा दुसरा कोणी आम्ही ठेवलाच नव्हता. त्याच दिवशी तपासणी एका शिक्षिकाताईंकडे सोपविली.

पहिल्याच महिन्यात ताईंनी आमची चाळीस रुपयांची बेरीज चुकलेली दाखविली. आधी राग आला. मग घरी येऊन आम्ही शांत झोपलो.