काठाखालचं नाव

मेणवलीच्या घाटावर सकाळी जावं, उन्हं पायऱ्यांवर उतरायच्या आधी. वाईपासून अंतर जेमतेम तीन किलोमीटर. नाना फडणवीसांच्या वाड्यामागून खाली उतरलं की काळ्या दगडाच्या पायऱ्या थेट कृष्णेत शिरतात. कुणी गोधड्या धूत असतं, आणि धोपटण्याचा आवाज समोरच्या काठावरून क्षणभरानं परत येतो. मेणेश्वराचं आणि विष्णूचं अशी दोन देवळं, आणि जवळच एक बुटकी दगडी घुमटी. घुमटीत देव नाही, घंटा आहे.

लोक टोल देतात, फोटो काढतात आणि पुढं जातात. पण जरा वाकून पाहिलं तर घंटेच्या अंगावर उठावात एक बाई दिसते, तिच्या कडेवर मूल. मेरी आणि बाळ येशू. सोबत सालाचे आकडे, १७०७.

१७०७ म्हणजे औरंगजेबाच्या मृत्यूचं वर्ष. त्या वर्षी ओतलेली ही घंटा उत्तर कोकणातल्या पोर्तुगीज मुलखातल्या कुठल्याशा चर्चच्या मनोऱ्यात वाजत होती. वसई १५३४ पासून पोर्तुगीजांकडे होती. मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी ती घेतली, आणि विजयाची खूण म्हणून मनोऱ्यांवरच्या घंटा उतरवून देशावर आणल्या. एक भीमाशंकराला आहे. एक नाशिकला गोदाकाठी नारोशंकराच्या देवळात, तिच्यावर १७२१. ते देऊळच मुळी १७४७ सालचं. नाना तर जन्मले १७४२ मध्ये, वसई पडल्यावर तीन वर्षांनी. म्हणजे मेणवलीच्या घुमटीत येण्याआधी ही घंटा बरीच वर्षं दुसरीकडं कुठंतरी राहिली असणार. कुणाच्या कोठारात, कुणाच्या अंगणात, कोण जाणे.

ही लूट होती, हे सरळ मान्य करावं. त्याआधी पोर्तुगीजांनी त्या पट्ट्यातली देवळं पाडली होती, हेही खरं. पण त्या आकड्यांवरून बोट फिरवताना माझ्या मनात लढाई येत नाही. माझ्या डोळ्यांपुढं आजीची कळशी येते.

तांब्याची, पोटाला एक पोच आलेली कळशी. काठाखाली ठिपक्या-ठिपक्यांनी घातलेलं नाव होतं, आणि ते आमच्या घरातल्या कुणाचंच नव्हतं. पाच-सहा वर्षांचा असताना मी अक्षरं जुळवत ते वाचलं आणि ही बाई कोण म्हणून आजीला विचारलं. आजी चिंचेचा कोळ लावून कळशी घासत होती. ७२ च्या दुष्काळात ती मोडीच्या दुकानातून वजनावर घेतलेली, एवढंच तिनं सांगितलं. त्या वर्षी कितीतरी घरांतून तांब्या-पितळेची भांडी अशीच बाहेर पडली. आधी हंडे गेले, मग घंगाळं, आणि पाणी भरायची कळशी अगदी शेवटी. जिनं ती विकली, तिच्या घरात त्यानंतर विकण्यासारखं फारसं काही उरलं नसणार.

पुढं एकदा पोच काढायला कळशी तांबटाकडं नेली. जुनं नाव ठोकून सपाट करतो आणि तुमचं घालतो, असं तो म्हणाला. आजी म्हणाली, "राहू दे रे. तिच्या कळशीतलं पाणी पितोय आपण."

भांड्यावर नाव घालायची आपली ही रीत मला फार मोलाची वाटते. पूर्वी छिन्नी-हातोडीचे हलके ठोके देत, हल्ली मशीन असतं. भांडीवाला विचारतो, "नाव काय घालू?" आणि आपण घाईत सांगून मोकळे होतो. पण फडताळातली भांडी एकदा फिरवून वाचा. 'चि. सौ. कां.' म्हणून सुरू झालेली एक परात, खाली 'मामाकडून', खाली तारीख. ज्या मामाशी पुढं जमिनीवरून बोलणं तुटलं, त्याचं नाव परातीवर अजून शाबूत असतं, आणि त्याच परातीत दर दिवाळीला कणीक भिजते. ज्या आत्याचा फोटो घरात कुठंच नाही, ती एका फुलपात्रावर सापडते. सासरी बदललेलं आपलं पहिलं नाव आईला माहेरच्या तांब्यावर भेटतं. जुन्या घराण्यांच्या बखरी असतात. आमच्यासारख्यांची बखर ही अशी मांडणीवर पालथी घातलेली असते.

म्हणून मेणवलीची ती घंटा मला आपली वाटते. तो धातू वितळवून तोफ ओतता आली असती. निदान ती मूर्ती तासून काढता आली असती, छिन्नीचं दोन दिवसांचं काम. ते कुणी केलं नाही. का, याचं उत्तर नानांच्या पोतडीत, त्या प्रसिद्ध मेणवली दफ्तरात असेल किंवा नसेलही. मेरी तिच्या मुलासकट कृष्णेकाठी राहिली, एवढं खरं.

वसईच्या किल्ल्यातली बहुतेक चर्चेस आज छपरांविना उभी आहेत. मनोऱ्याच्या कमानींतून आकाश दिसतं. किल्ल्याबाहेर मात्र गावोगावची चर्चेस गजबजलेली आहेत आणि तिथली प्रार्थना मराठीत होते. त्याच वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले.

आजीची कळशी आता माझ्याकडं आहे. पोच निघाली, नाव तसंच आहे. आता तुम्हाला एकच विनंती. घर आवरताना जुनी भांडी मोडीत काढाल, तेव्हा ती काट्यावर चढण्याआधी एकेक उलटून बघा, आणि काठाखालची नावं तारखांसकट एका वहीत उतरवून घ्या.