एका जोडाक्षराचा माग

यंत्र बिघडले म्हणजे बहुतेक माणसे दोनच मार्ग जाणतात. काही जण त्याला थापट मारून पाहतात, तर काही 'आता नवे घ्यावे' म्हणून मोकळे होतात. काल जे चालत होते ते आज का चालू नये, हा प्रश्न शांतपणे विचारणारा तिसरा माणूस विरळाच. संगणक घरोघरी आल्यापासून या तिसऱ्या माणसाची गरज वाढली आहे आणि मराठी लिहिणाऱ्यांच्या घरी तर ती अधिकच आहे, असे आम्हांस एका अनुभवावरून वाटू लागले. तो वाचकांपुढे ठेवावा, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

आमच्या शाळेच्या संगणककक्षात दहा संगणक आहेत व ते सर्व लिनक्सवर चालतात. हेलसिंकी येथील लिनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्सचा गाभा जगापुढे ठेवला आणि पुढे डेबियनसारख्या प्रकल्पांनी त्याभोवती सर्व उपयुक्त प्रोग्रॅम 'पॅकेज' या रूपात रचून दिले. या व्यवस्थेत एक आज्ञा दिली की संगणकावरील डझनावारी पॅकेजे एकदम नवी होतात. हे अद्ययावतीकरण टाळता येत नाही. कारण सुरक्षेतील छिद्रे त्यानेच बुजतात. परंतु कधी कधी छिद्र बुजविताना शेजारची भिंत हलते.

आमच्या शाळेतून निवृत्त झालेले एक वयोवृद्ध गुरुजी बेळगाव परिसरातील बायाबापड्यांच्या तोंडचे मराठी शब्द चाळीस वर्षे टिपून ठेवीत आले. त्यांच्या वह्या संगणकावर उतरविण्याचे काम दोन वर्षे चालले होते. चौसष्ट पानांचा पहिला भाग छापखान्यात जाण्यास आठ दिवस उरले असताना, नित्याच्या अद्ययावतीकरणानंतर, ती फाईल उघडेनाशी झाली. लेखनाचा प्रोग्रॅम सुरू होई, क्षणभर पहिले पान दिसे आणि सारे काही निमूटपणे अदृश्य होई. गुरुजींची दृष्टी अलीकडे झपाट्याने मंद होत आहे. 'पुस्तक डोळ्यांनी पाहायला मिळेल ना?' एवढेच त्यांनी विचारले. त्या प्रश्नाला होकार देण्यावाचून आम्हांस गत्यंतर नव्हते.

आमचा एक जुना विद्यार्थी आज पुण्यात संगणकाचे काम करतो. त्याला दूरध्वनी केला. तो म्हणाला, "सर, आधी फाईलच्या दोन प्रती करून बाजूला ठेवा आणि मूळ फाईलला हात लावू नका. मग प्रोग्रॅमला दोष देण्याआधी त्याचे शेवटचे शब्द ऐका."

प्रोग्रॅमचे शेवटचे शब्द म्हणजे काय, हे समजून घेण्यासारखे आहे. चित्रावर टिचकी मारून प्रोग्रॅम सुरू केला तर तो मुकाट्याने मरतो. तोच टर्मिनलच्या काळ्या खिडकीतून, नाव टाईप करून सुरू केला, तर जाता जाता एखादी ओळ लिहून जातो. आमच्या प्रोग्रॅमने 'सेगमेंटेशन फॉल्ट' असे लिहिले. आपल्या वाट्याला न आलेल्या स्मृतीच्या जागेला प्रोग्रॅमने हात लावला आणि म्हणून गाभ्याने त्याला बाहेर काढले, असा त्याचा अर्थ. यावरून मृत्यू कसा झाला ते कळते. का झाला ते कळत नाही. त्यासाठी दप्तर पाहावे लागते.

आणि लिनक्सचे दप्तर फार चोख असते. डेबियन घराण्यातील संगणकावर कोणते पॅकेज कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या आवृत्तीवरून कोणत्या आवृत्तीवर गेले, याची नोंद एका साध्या मजकुराच्या फाईलमध्ये आपोआप होत असते. शाळेचे हजेरीपत्रकही इतके नेमके नसते! त्या दिवशी अडतीस पॅकेजे बदलली होती. चमत्कार असा, की लेखनाचा प्रोग्रॅम त्यांत नव्हताच. तो जसाच्या तसा होता आणि तरी पडत होता.

याचे मर्म गृहिणींना चटकन कळेल. लिनक्समधील प्रोग्रॅम एकत्र कुटुंबासारखे राहतात. अक्षरे जुळविणे, चित्रे काढणे, छपाई करणे ही कामे प्रत्येक जण स्वतंत्रपणे करीत नाही. त्यांसाठी सामायिक 'लायब्ररी' असतात व सर्व जण त्यांतून घेतात. स्वयंपाकघरात मिठाचा डबा कुणी हलवून तेथे साखरेचा ठेवला, तर आमटी बिघडते ती ज्याने डब्याला हात लावला नाही त्याच्या हातून. म्हणून पडलेला प्रोग्रॅम हा पुष्कळदा गुन्हेगार नसून साक्षीदार असतो.

आता अडतीसांतून एक कसा शोधावा? येथे अनुमानापेक्षा तुलना उपयोगी पडते. प्रथम त्याच संगणकावर नवे खाते उघडून त्यातून फाईल उघडली. तेथेही प्रोग्रॅम पडला. याचा अर्थ दोष आमच्या जुन्या सेटिंगांत नव्हता. (लिबरऑफिससारख्या संचात हीच परीक्षा मदतीच्या यादीतील 'सेफ मोड' निवडून अधिक सुलभपणे करता येते. चित्रपडद्याच्या ड्रायव्हरमुळे होणारे बिघाडही त्यात पुष्कळदा ओळखू येतात.) नंतर दुसरे साधे मराठी पत्र उघडले, ते निर्वेध उघडले. शेवटी, ज्या चार संगणकांवर अद्ययावतीकरण झालेच नव्हते, त्यांपैकी एकावर गुरुजींची फाईल उघडली. ती तेथे सुरळीत उघडली. गुरुजींचे श्रम सुरक्षित होते, हे कळताच आमचा जीव भांड्यात पडला. दोष नव्या पॅकेजांचा खरा, परंतु तो या फाईलमधील कशाला तरी भिडल्यावरच प्रकट होत होता.

पुढची युक्ती आमच्या विद्यार्थ्याने सांगितली. जुन्या संगणकावर फाईलचे दोन अर्ध करावयाचे आणि दोन्ही नव्या संगणकावर नेऊन उघडावयाचे. जो अर्ध प्रोग्रॅमला पाडील त्याचे पुन्हा दोन भाग. दोन्ही पडले तरी चिंता नाही, कोणताही एक घेऊन पुढे जावे. चौसष्टाचे बत्तीस, बत्तिसाचे सोळा, असे करीत सहा फेऱ्यांत आम्ही एका पानावर आलो. मग त्या पानाच्या ओळी निम्म्या केल्या आणि अखेर एक शब्द हाती उरला. तो शब्द होता 'बोऱ्या'!

बोऱ्या म्हणजे चटई, हे सर्वांना ठाऊकच आहे. शीर्षशब्द उठून दिसावेत म्हणून ते एका फार जुन्या देवनागरी फॉन्टमध्ये योजिले होते. हाच शब्द दुसऱ्या फॉन्टमध्ये टाकला तर प्रोग्रॅम चालत होता. त्याच जुन्या फॉन्टमध्ये 'बोट' लिहिले तरी चालत होता; 'सुऱ्या' लिहिले की पडत होता. नव्या पॅकेजांत अक्षरे जुळविणारी लायब्ररी होती. ती नवी लायब्ररी, तो जुना फॉन्ट आणि मराठीचा तो चंद्रकोरीसारखा अर्धा 'ऱ', या तिघांची गाठ पडली म्हणजेच अपघात घडत होता. तिघांपैकी एकटा कोणीही अपराधी नव्हता.

या अर्ध्या 'ऱ'चे महत्त्व मराठीच्या विद्यार्थ्याला सांगावयास नको. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधील खोलगट जागा. आचार्यांना द्यावयाची दक्षिणा आचाऱ्यांना दिली तर केवढा गोंधळ होईल! परंतु देवनागरी लिहिणाऱ्या सर्वांना हे चिन्ह लागत नाही. मराठी, कोकणी, नेपाळी अशा थोड्याच भाषांना ते लागते. हिंदीला त्याचे कामच पडत नाही. नवी लायब्ररी पारखणाऱ्या दूरदेशीच्या माणसाने हिंदीचा एखादा उतारा उघडून 'देवनागरी ठीक' असा शेरा मारला, तर त्याला दोष कसा द्यावा? ज्याच्या घरी ते अक्षरच नाही, त्याला ते मोडल्याचे कळणार कसे?

असे दोष केवळ आमच्या वाट्याला येतात असेही नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये एक तेलुगू जोडाक्षर आयफोनवर प्रकट होताच निरोपांचे प्रोग्रॅम कोसळत असत. हैदराबादच्या वाचकांना ते स्मरत असेल. तेव्हा जगभर बोभाटा झाला आणि त्याच महिन्यात ॲपलने दुरुस्ती दिली. बोभाटा झाला म्हणून दुरुस्ती झाली, हे त्यातील लक्षात ठेवण्याजोगे आहे.

तात्पुरता उपाय दोन प्रकारे करता आला असता. लायब्ररीची जुनी आवृत्ती परत आणून ती 'होल्ड' करावी, म्हणजे पुढील अद्ययावतीकरणात ती बदलत नाही. परंतु असा अडसर फार दिवस ठेवल्यास सुरक्षेच्या दुरुस्त्याही अडतात. म्हणून आम्ही जुन्या संगणकावर शीर्षशब्दांचा फॉन्ट बदलला आणि फाईल वेळेवर छापखान्यात धाडली. गुरुजींना हकीकत सांगितली तेव्हा ते मनमुराद हसले व म्हणाले, "म्हणजे बोऱ्यानेच बोऱ्या वाजवला म्हणा की!"

काम भागले होते. फॉन्ट बदलून गप्प बसणे सोपे होते आणि बहुधा आपण सारे तेच करतो. तथापि आमच्या विद्यार्थ्याने आग्रह धरला. त्याने इंग्रजीत तक्रार लिहिली. आधी कुणी ती नोंदविली आहे काय ते पाहिले. लायब्ररीची जुनी व नवी आवृत्ती, फॉन्टचे नाव, दोष पुन्हा घडवून आणण्याची रीत क्रमवार दिली आणि गुरुजींची वही न जोडता केवळ एका शब्दाची फाईल जोडली. काही आठवड्यांनी आलेल्या अद्ययावतीकरणात तो दोष निवारला गेला होता. ज्याने तो निवारला त्या गृहस्थास मराठी येत असेल असे वाटत नाही. एका शब्दाची फाईल त्याला पुरेशी झाली.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपणा मराठी माणसांना भाषा टिकविणे म्हणजे व्याख्यानमाला, नाटके आणि ग्रंथालये एवढेच वाटते. ती कामे थोर आहेतच. त्यांच्या जोडीला हे एक लहानसे कामही आता आपल्याकडे आले आहे. आपले अक्षर कोठे मोडले तर ते कोठे, केव्हा, कशाने मोडले याची नीट नोंद करून योग्य जागी कळवावे. ज्या घरी ते अक्षर नांदते, त्या घरानेच ते सांगावयाचे असते. शेजाऱ्यास त्याची उणीव भासत नाही.