चिकटा

आमच्या वडील बंधूंचें क्लॅरिओनेट कित्येक वर्षें महाडच्या घरांत माळ्यावर पडून होतें. २२ जुलै २०२१ रोजीं सावित्रीचें पाणी घरांत शिरलें, तेव्हां खालच्या पुस्तकांचा लगदा झाला. माळ्यावरची ती पेटी तेवढी वांचली. परंतु महापुराला जें साधलें नाहीं, तें आमच्या व्यवस्थितपणानें साधलें होतें! भाऊ गेल्यावर, कांहीं हरवूं नये म्हणून, आम्हींच माउथपीसला पत्तीसकट चिकटपट्टी गुंडाळून ठेविली होती. आतां पुतण्याला तें वाद्य हवेंसें झालें. पट्टी सोडविली, तों खालीं गोंदाचा तपकिरी थर!

आम्ही पडलों पदवीधर. पहिला विचार सुचला तो रॉकेलचा, दुसरा नखांचा रंग काढणाऱ्या द्रवाचा आणि तिसरा ब्लेडचा. सुदैवानें त्यापूर्वीं पोलादपूरच्या एका वृद्ध बँडमास्तरांस विचारण्याची बुद्धि झाली. भाऊंच्या सोबतीनें त्यांनीं कित्येक वराती वाजविल्या होत्या. पुतण्यास घेऊन आम्ही सावित्रीच्या काठानें वर गेलों.

"सर, हें ओठांत धरायचं असतं," मास्तर एवढेंच म्हणाले. आम्ही वरमलों.

हें माउथपीस एबोनाइटचें, म्हणजे गंधक घालून कठीण केलेल्या रबराचें. कढत पाण्यानें त्याचा काळा रंग हिरवट पडतो व गंधकाचा वास सुटतो. पत्ती जेथें टेकते ती सपाट बाजू किंवा टोंकाची धार ब्लेडनें ओरखडली, तर सूरच बिघडतो. मास्तरांनीं जुनी पत्ती काढून टाकली. फडक्यावर खोबरेल घेऊन तें चिकट्यावर अर्धा तास राहूं दिलें व मग बोटाच्या पेरानें हळूहळू चोळलें. गोंद मऊ होऊन त्याच्या गोळ्या सुटूं लागल्या. शेवटीं थंड पाणी, थोडा साबण आणि मऊ फडकें. सांध्याचें बूच मात्र कोरडें ठेविलें.

"चिकटा जायला चिकाटी लागते, सर!" मास्तर हंसले.

वरच्या बाजूस दोन खोल खुणा राहिल्या होत्या. आम्ही पुन्हां फडकें उचललें, तों त्यांनीं आमचा हात धरला. "तो गोंद नव्हे. भाऊंचे दांत टेकायचे तिथं."

आठवण जपण्यासाठीं आम्हीं जें चिकटविलें होतें, तें सारें निघून गेलें. भाऊंनीं वाजवून वाजवून जें उमटविलें होतें, तें राहिलें. मास्तरांनीं नवी पत्ती बसविली. पुतण्यानें त्याच खुणांवर दांत टेकले आणि फुंकर घातली. सूर फाटका निघाला. पण पुष्कळ वर्षांनीं आमच्या घरचा सूर आम्हीं ऐकला.