हलवायचा की नाही हलवायचा?

मांडीची चामडी काढून भाजलेल्या जागी लावतात, इतपत मी ऐकून होतो. त्यानंतर सगळा खेळ दिवसांचा असतो, याचा पत्ता नव्हता.

तिवस्यात हायवेला आमचं नाश्त्याचं हॉटेल आहे. आलुबोंड्याची कढई कलंडली आणि उकळतं तेल उजव्या हातावर आलं. मनगटाजवळची जखम आपोआप भरत आली, पण कोपराच्या आतल्या बाजूची खोल निघाली. अमरावतीला ग्राफ्टिंग ठरलं. ऑपरेशनच्या आधी फिजिओच्या मॅडम रोज येऊन कोपर उघड-मीट करायला लावत. डोळ्यांतून पाणी यायचं. ऑपरेशन झालं आणि त्याच मॅडम म्हणाल्या, "आता कोपर अजिबात हलवायचं नाही." हात सरळ ठेवून स्प्लिंट बांधलं. मी सुटकेचा श्वास घेतोय तोच पुढचं वाक्य आलं, "बोटं आणि खांदा मात्र हलवत राहा, नाहीतर सूज धरेल आणि तेही आखडतील." एका हाताला दोन हुकूम!

कारण डॉक्टरांनी सांगितलं. लावलेल्या चामडीचा रक्तपुरवठा तुटलेला असतो. पहिले एक-दोन दिवस ती जखमेतून पाझरणाऱ्या द्रवावर तगते. मग खालच्या बारीक रक्तवाहिन्या तिच्यातल्या वाहिन्यांना जुळू लागतात आणि पाच-सात दिवसांत रक्त बऱ्यापैकी फिरायला लागतं. तेवढ्यात ती सरकली किंवा खाली रक्त साचलं, तर जोड सुटतो. हे मला लगेच पटलं. आमच्याकडे जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधला, की तो लागला का हे बघायला कोणी रोज पट्टी सोडत नाही.

पट्टी उघडली, चामडी धरली होती. आता तरी आराम मिळेल म्हटलं, तर मॅडम हजर. "चला, हळूहळू वाकवा, सरळ करा. तुमचं तुम्ही, दुसऱ्यानं ओढायचं नाही." चामडी कोवळी असताना बाहेरून जोर लावला तर ती फाटते. शिवाय भाजलेल्या माणसाच्या कोपराशी कधीकधी नको तिथं हाड तयार होतं, म्हणून तिथली ओढाताण डॉक्टरांना नकोच असते.

घरी आल्यावर माय ओरडली, "कच्ची चामडी हाय, काऊन हालवून रायला बापा?" शेजारचे काका म्हणाले, "हात ठेवशीन तसा राहीन, लेका." कोणाचं ऐकावं? पुढच्या खेपेला मॅडमना विचारलं, तेव्हा कळलं की मायचं म्हणणं पहिल्या आठवड्यासाठी बरोबर होतं आणि काकांचं त्यानंतरसाठी. जखम भरताना आकसते, पातळ चामडी तर जास्तच. कोपर वाकवून पोटाशी धरलं की बरं वाटतं, आणि नेमकं त्याच वाकात ते अडकतं. म्हणून दिवसा व्यायाम आणि रात्री पुन्हा सरळ स्प्लिंट.

गंमत म्हणजे हातापेक्षा मांडीच जास्त ठणकत होती. ती साधारण दोन आठवड्यांत भरते. हाताचं तसं नाही. व्रण निवायला वर्ष-दीड वर्ष लागतं आणि तोवर तो ओढत राहतो. चामडी पक्की झाल्यावर घट्ट बाही आली. आंघोळ आणि मालिश सोडून दिवसरात्र घालायची. अशा पातळ चामडीत घामाच्या आणि तेलाच्या ग्रंथी जवळपास नसतात, त्यामुळं ती कोरडी पडून खाजते. खोबरेल चोळायचं आणि ऊन टाळायचं. वऱ्हाडातल्या मे महिन्यात भट्टीपुढं ती बाही घालून उभं राहणं काय असतं, ते विचारू नका.

शेवटी मी मॅडमकडून कागदावर लिहूनच घेतलं: कोणता सांधा, कोणत्या तारखेपासून, किती वेळा, आणि काय दिसलं तर थांबायचं. चामडी काळी पडली, फोड आले, रक्त आलं, तर व्यायाम बंद आणि फोन. ग्राफ्ट कुठं आहे, कसं धरलंय, यावर तारखा बदलतात. काही सर्जन लवकर मोकळं करतात, काही आठवडाभर थांबवतात.

परवा मोझरीहून एक जण आला. पुतण्याचा हात भाजलाय, तुमचा व्यायाम सांगा म्हणाला. मी विचारलं, "चामडी कोणत्या सांध्यावर लावली? किती दिवस झाले?" त्याला ठाऊक नव्हतं. मग व्यायाम सांगितलाच नाही. चहा दिला आणि तिथूनच त्याच्या डॉक्टरांना फोन लावायला लावला.