राजीनामा पाठवण्याआधी

प्रिय प्राध्यापकबाई,

महाविद्यालय विकास समितीवर शिक्षकांची प्रतिनिधी म्हणून निवडून आलीस आणि वर्ष सरायच्या आत राजीनाम्याचा मसुदा माझ्याकडे तपासायला पाठवलास. मसुद्यात शुद्धलेखनाची एकही चूक नाही. तरीही मी तो नापास करतो आहे.

तुझे म्हणणे असे की अध्यक्ष संस्थेची कीर्ती सांगतात, प्राचार्य विषय भराभर वाचतात, ‘सर्वानुमते मंजूर’ लिहिले जाते आणि चहा येईपर्यंत सभा संपलेली असते. फी, नवे कोर्स, पदे सगळे आधीच ठरलेले. आपण फक्त ‘मम’ म्हणायचे. रास्त आहे तुझा संताप. पण ज्या खुर्चीचा राजीनामा देते आहेस, तिला कायद्याने काय दिले आहे ते एकदा बघ. 2016 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याचे 97 वे कलम काढ. शिक्षकांनी आपल्यातून निवडलेले तीन सदस्य, त्यांत किमान एक स्त्री. वर्षातून किमान चार सभा. कामे कोणती? महाविद्यालयाचा विकास आराखडा करणे, नवे अभ्यासक्रम आणि नवी पदे यांची शिफारस करणे, वार्षिक अंदाजपत्रक तयार करून व्यवस्थापनापुढे ठेवणे. आपल्यापैकी किती जणांनी त्या अंदाजपत्रकाचा एक तरी आकडा सभेत विचारला आहे?

तीन मतांनी ठराव पडत नाहीत, हे मलाही कळते. अध्यक्ष संस्थेचे, सचिव प्राचार्य, स्थानिक सदस्यही व्यवस्थापनाने नेमलेले. म्हणून मतमोजणीच्या नादी लागूच नकोस. सभेची नोटीस आली की विषयपत्रिकेसोबत टिपण्या लेखी माग. मागच्या सभेचे इतिवृत्त कायम करण्याचा विषय पहिला असतो आणि तो अर्ध्या मिनिटात उरकतो. तिथेच थांब. आपण बोललो ते त्यात आले आहे का, वाच. नसेल तर दुरुस्ती सुचव. आणि एखादा ठराव पटला नाही तर ‘माझी असहमती नोंदवावी’ एवढे तीन शब्द शांतपणे म्हण. ‘सर्वानुमते’ हा शब्द तिथल्या तिथे खोटा ठरतो. उद्या मूल्यांकनाला नॅकची समिती आली की हीच इतिवृत्ते कपाटातून बाहेर निघतात. भाषण विरून जाते, नोंद राहते. आपले बहुतेक प्राध्यापक मित्र स्टाफरूममध्ये सिंह असतात आणि सभागृहात त्यांचा आवाज बसतो. का, ते तू जाणतेस.

आता जरा वरच्या मजल्यावर, विद्यापीठात चल. अधिसभेत, म्हणजे सिनेटमध्ये, शिक्षकांचे दहा प्रतिनिधी, त्यांतले दोघे व्यवस्थापन परिषदेवर. वर्तमानपत्रांत बातम्या अधिसभेच्याच येतात, कारण तिथे गोंधळ होतो. पण वर्गात काय शिकवायचे ते ठरते अभ्यास मंडळात आणि विद्यापरिषदेत, आणि तिथे काय चालले आहे याकडे आपले लक्ष नसते. कुठल्याही नव्या अभ्यासक्रमाचे परिपत्रक उघड. ‘कलम 12(7) अन्वये मा. कुलगुरूंनी विद्यापरिषदेच्या वतीने मान्यता दिली’ असे पुष्कळदा आढळेल. हे कलम आणीबाणीसाठी आहे. तातडीचा निर्णय सभेची वाट पाहू शकत नसेल, तर कुलगुरूंनी तो घ्यावा आणि नंतर त्या त्या प्राधिकरणापुढे ठेवावा. पूर आला, दंगल झाली, तर समजू शकते. पण जूनमध्ये शैक्षणिक वर्ष सुरू होते हे काय मे महिन्यात अचानक कळते? नव्या शैक्षणिक धोरणाचे अभ्यासक्रम अंगावर येऊन आदळले तेव्हा पाठ्यपुस्तके नव्हती, श्रेयांकांचे गणित रोज बदलत होते आणि शिकवणाऱ्याला विचारायला कोणालाही सवड नव्हती.

विचारले नाही की काय होते याचा सर्वांत मोठा धडा मुंबई विद्यापीठाने 2017 साली दिला. सुमारे 17 लाख उत्तरपत्रिका एका फटक्यात संगणकाच्या पडद्यावर तपासायच्या ठरल्या. स्कॅनिंग अपुरे, प्रशिक्षण घाईचे. राज्यपालांनी 31 जुलैची मुदत घातली, तीही टळली. निकाल सप्टेंबरपर्यंत रेंगाळले, मुलांचे पुढचे प्रवेश अडकले आणि ऑक्टोबरात कुलगुरूंना पदावरून दूर केले गेले. पडद्यावर पेपर तपासणे वाईट नव्हते. एखाद्या विद्याशाखेत वर्षभर करून बघा, असे म्हणणारा माणूस निर्णयाच्या टेबलाशी हवा होता.

हे सगळे आजचे आहे असेही समजू नकोस. लॉर्ड कर्झनच्या 1904 च्या कायद्याने मुंबई विद्यापीठाच्या सिनेटमध्ये सरकारने नेमलेल्यांचे बहुमत पक्के केले. त्या विधेयकाविरुद्ध कायदेमंडळात उभे राहिले ते गोपाळ कृष्ण गोखले, फर्ग्युसनमध्ये वर्षानुवर्षे शिकवलेले मास्तर. विद्यापीठाचे सरकारी खाते होईल, असा त्यांचा रोख होता. विधेयक मंजूर झाले. गोखल्यांचे भाषण मात्र छापील आहे, शंभरावर वर्षांनीही वाचता येते. त्यांच्या आधी न्यायमूर्ती रानड्यांनी मराठीसारख्या देशी भाषांना विद्यापीठाच्या परीक्षांत पुन्हा जागा मिळावी म्हणून याच सिनेटमध्ये चिवटपणे पाठपुरावा केला. मराठीत एम.ए. झालेल्या तुला त्या कंटाळवाण्या सभांचे महत्त्व मी सांगायला हवे का?

सरकारला नुसता दोष देऊन मात्र आपण सुटत नाही. 1994 च्या विद्यापीठ कायद्यात अधिष्ठाता शिक्षकांतून निवडून येई. 2016 च्या कायद्यानुसार निवड समितीमार्फत पूर्णवेळ अधिष्ठाता नेमतात. अभ्यास मंडळावर विभागप्रमुखांतून निवडून येणारे तिघेच, बाकी बहुतेक नामनिर्देशित. हे बदल झाले तेव्हा समाजातून कोणी आपल्या बाजूने उभे राहिले नाही, कारण आपल्या निवडणुका लोकांनी पाहिल्या होत्या. पॅनेले, जेवणावळी, जातीची गणिते आणि निवडून आल्यावर स्वतःचेच पुस्तक संदर्भग्रंथांच्या यादीत. निवडणूक होती म्हणून ती जागा शिक्षकांची होती, असे मी मानत नाही. अर्थात नेमणुकीने ती शुद्ध झाली असेही नाही. आता खेटे दुसऱ्या दारी घालावे लागतात, एवढेच.

आणखी एक गोष्ट तुझ्या पत्रात नव्हती. तुझ्या विभागात तासिका तत्त्वावर शिकवणारी ती मुलेमुली. अर्धे वर्ग त्यांच्या खांद्यावर आणि मतदार यादीत त्यांचे नाव नाही, कारण यादी मान्यताप्राप्त पूर्णवेळ शिक्षकांची. पूर्णवेळ जागा भरल्या नाहीत की नुसते शिकवणे स्वस्त होत नाही, बोलणाऱ्यांची संख्याही आपोआप घटते. दरवर्षी ज्याची नेमणूक नव्याने होते तो विरोधी मत कशाला देईल? कुलगुरू कोणी निवडायचा यावर सरकारे भांडतात. 2021 साली एका सरकारने कायदा बदलणारे विधेयक मंजूर करून घेतले, पुढच्याने ते मागे घेतले. त्या भांडणात रिक्त जागांचा विषय कोणाच्याच तोंडी नव्हता. समितीला नव्या पदांची शिफारस करता येते, हे वर लिहिलेच आहे. तेव्हा पुढच्या सभेसाठी हा विषय तू मांड. विभागवार मंजूर पदे, भरलेली पदे, तासिकांवर चालणारे वर्ग, असा एका पानाचा तक्ता जोड. प्राचार्यांना सभेच्या पुरेसे आधी दे आणि पोच घे. उरलेल्या दोघा शिक्षक सदस्यांच्या सह्या मिळाल्या तर उत्तम, नाही मिळाल्या तर तुझी एकटीची.

तो ठराव फेटाळला गेला तरी इतिवृत्तात फेटाळल्याचे कारण लिहायला लाव. राजीनाम्याचा मसुदा मी माझ्याकडेच ठेवतो आहे. तक्ता तयार झाला की पाठव, तपासून देतो.

तुझे,
सर