सहाशे किलोमीटरवरचा समुद्र

रायपूरमध्ये समुद्र म्हणजे पुरी. ‘समुद्रावर जाऊन आलो’ म्हणणाऱ्याला गावाचं नाव सांगावं लागत नाही. दुर्ग–पुरी एक्स्प्रेसचं तिकीट, जगन्नाथाचं दर्शन, गुडघाभर पाण्यात फोटो, खाज्याचा पुडा, की झाला समुद्र. तात्यापाऱ्यातली मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या इथली. मी मालवणकडचा हे कळलं की चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळात हमखास कुणीतरी कळवळून विचारतं, “अहो, मग तुमचे इथे खाण्याचे हाल होत असतील!”

हाल होत नाहीत. रोहू, कतला, मृगळ भरपूर मिळतात. 1964 मध्ये पूर्व पाकिस्तानातून आलेले निर्वासित विमानतळाजवळच्या माना कॅम्पमध्ये उतरवले गेले. बरेचजण पुढे दंडकारण्यात पाठवले गेले, काही घरं इथेच राहिली. त्या लोकांसमोर मासा निवडायला उभं राहिलं की आपण फार मत्स्यप्रेमी असल्याचा तोरा आपोआप उतरतो. पण माझं दुखणं खाण्याचं नाही. मला गरवायला जायचं असतं, आणि तेही खाऱ्या पाण्यात.

म्हणून छतावर कयाक आहे. प्लास्टिकचा, एका माणसाचा, आत शिरून नव्हे तर वर बसून वल्हवायचा. कॉलनीत त्याची चर्चा होते. शेजारचे निषाद काका, ज्यांचे वडील खारुन नदीवर डोंगा चालवत, त्यांनी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा विचारलं, “ए डोंगा ला इहाँ काबर राखे हव, भैया?” मग वल्हं हातात घेऊन तोललं, दोन्ही टोकांची पाती पाहिली आणि हसले. त्यांच्या मते एवढ्या पैशांत सागाचा डोंगा झाला असता. हिशोब चुकीचा नव्हता.

सराव गंगरेलला. धमतरीजवळ महानदीवर बांधलेल्या या धरणाचं पाणी दुपारचा वारा सुटला की चांगलंच उसळतं. तिथे मुद्दाम उलटायचं आणि पाण्यातून परत वर चढायचं. अंगात जीवरक्षक जाकीट, वल्हं दोरीने बांधलेलं, सुरी छातीशी. मासा कसा ओढायचा हे त्यानंतरचं शिक्षण. रविवारी सहलीला आलेली मंडळी काठावरून टाळ्या वाजवतात. त्यांना तो करमणुकीचा कार्यक्रम वाटतो.

पुरीचा रस्ता मला आवडतो, कारण तो बराचसा नदीच्या सोबतीने जातो. आरंगपाशी महानदी ओलांडायची, सरायपालीवरून संबलपूर गाठायचं. तिथे 1957 साली पुरं झालेलं हिराकुड. नदी पुढे सातकोसियाच्या घळीतून वाट काढते, आपण अंगुलवरून जातो, आणि कटकला ती पुन्हा भेटते तेव्हा तिला फाटे फुटू लागलेले असतात. काकांच्या घराजवळची खारुन शिवनाथला मिळते, शिवनाथ महानदीला, म्हणजे पारादीपला समुद्रात पडणाऱ्या पाण्यात थोडं रायपूरचंही असतं. सहाशे किलोमीटरच्या आसपासच्या प्रवासात टपावरच्या कयाकला प्रत्येक टोलनाक्यावर प्रश्न विचारले जातात. त्यातला सर्वांत वारंवार येणारा: “इसमें इंजन कहाँ लगता है?”

पुरीला पोचल्यावर कोकणातलं निम्मं शहाणपण बाजूला ठेवावं लागतं. आमच्याकडे होडी खाडीतून निघते. कर्लीच्या मुखातून किंवा एखाद्या खडकाच्या आडोशाने बाहेर पडायचं, पहाटेचा मतलई वारा पाठीशी घ्यायचा, दुपारी खाऱ्या वाऱ्याबरोबर घरी. पुरीचा किनारा सरळसोट, उतरता, आडोसा नाही. लाटा थेट वाळूवर येऊन फुटतात. मार्चपासून नैर्ऋत्येचा वारा तिरका लागतो आणि कयाकला गुपचूप कोणार्कच्या दिशेने ढकलत राहतो. गळाकडे बघत बसलेल्या माणसाला हे उशिरा कळतं.

या किनाऱ्यावर कोळ्यांनी जी नाव शोधली ती बघण्यासारखी. तेप्पा, तमिळमध्ये कट्टुमरम. हलक्या लाकडाचे ओंडके दोरीने एकत्र बांधलेले, बस्स. त्याला पोट नाही, त्यामुळे पाणी भरण्याचा प्रश्नच नाही. लाट अंगावरून गेली की पाणी फटींतून खाली. परत आल्यावर दोर सोडून ओंडके वाळूवर सुकत टाकायचे. आता बरेच तेप्पे फायबरचे, पोटात फोम भरलेले, मागे इंजिन. माझ्या कयाकच्या बैठकीत पाणी निघून जायला जी भोकं पाडलेली आहेत त्यामागचा विचार ओंडक्यांमधल्या फटींचाच. आर्क्टिकमधल्या इन्युइट शिकाऱ्यांचा मूळ कयाक कातड्याने मढवलेला, बंदिस्त. वर बसायचा प्रकार 1970 च्या दशकात कॅलिफोर्नियात रुजला आणि आज तो आपल्याला नवा साहसी खेळ म्हणून विकला जातो. पुरीच्या पेंटाकाटा कोळीवस्तीतल्या नोलियाला, म्हणजे इथल्या कोळ्याला, यात साहस काय ते समजावून सांगणं मला तरी जमलेलं नाही.

हे नोलियाही मूळचे आंध्र किनाऱ्याचे, घरात तेलुगू बोलणारे. टोकदार टोप्या घालून पर्यटकांना लाटांत हात धरून नेतात ते हेच. मी त्यांना विचारल्याशिवाय पाण्यात जात नाही. लाटा टोळीने येतात, मोठ्या टोळीनंतरची उसंत कधी मिळते ते वाळूवर उभं राहून मोजायचं, मग वल्हं मारत सुटायचं. गळ, काठी सगळं तोवर बांधलेलं. बाहेर पडल्यावर दुसरी अडचण. कयाकवर डोळे पाण्यापासून मीटरभरही वर नसतात, त्यामुळे क्षितिज साडेतीन किलोमीटरच्या आतच संपतं. मालवणला पाठीशी डोंगर असतो, किल्ला असतो. दोन खुणा एका रेषेत धरल्या की खडक नेमका सापडतो. ओडिशाची जमीन सपाट, ती चटकन बुडते. उरतो तो जगन्नाथाचा कळस, 65 मीटर उंच. युरोपीय खलाशी याला पांढरा पॅगोडा आणि कोणार्कच्या मंदिराला काळा पॅगोडा म्हणत, त्यांवरून जहाजं हाकत. भाविक आत जाऊन जे पाहतात त्यापेक्षा मला बाहेरून, पाण्यातून दिसणारं हे देऊळ जास्त उपयोगाचं. मंडळात हे बोलल्यावर एका आजींनी माझ्याकडे पाहिलं ते मी विसरणार नाही.

कॅलेंडरही इथलं वेगळं. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना 1 जून ते 31 जुलै बंदी, इकडे 15 एप्रिल ते 14 जून. त्यातून कासवं. ऑलिव्ह रिडले अंडी घालायला येतात म्हणून धामरा, देवी आणि ऋषिकुल्या या नद्यांच्या मुखांपाशी 1 नोव्हेंबर ते 31 मे, किनाऱ्यापासून 20 किलोमीटरपर्यंत मासेमारी बंद. देवीचं मुख पुरीपासून फार लांब नाही. छंदासाठी गेलेल्याने हे नियम कोळ्यापेक्षा काटेकोर पाळावेत असं माझं मत आहे. चूल त्याची बंद पडते, आपली नाही.

लाटेच्या मोजणीत मला हमखास मदत करणारा एक नोलिया आहे. परवा त्याला सुरमईचा, त्याच्या वंजरमचा, ठिकाणा विचारत होतो. त्याने तो सांगितला, आणि मग त्याचा प्रश्न आला: रायपूरजवळच्या सिलतऱ्याच्या लोखंडाच्या कारखान्यांत ठेकेदाराकडे लागलेल्या पोराला हातात किती पडतात? मी आकडा सांगितला. खोलीचं भाडं किती, त्याने विचारलं. तेही सांगितलं. मासे मिळतात का तिथे? “रोहू, कतला,” मी म्हणालो. त्याने तोंड वाकडं केलं आणि मुलाचा फोन नंबर मला लिहून घ्यायला लावला.